कोरियन पायलटचा पिक्चर आणि आमचा फॅमिली डे

चहा घ्या आधी, आणि हसणार असाल तर कप खाली ठेवून हसा. कारण मी घातलेला घोटाळा काही साधासुधा नाही. एका बाजूला अख्खा कोरिया देश आणि दुसऱ्या बाजूला सातवी शिकलेली मी एकटी. आता बोला!

आमचे हे, म्हणजे परीचे पप्पा, चाकणजवळ निघोज्याला एका कोरियन कंपनीत आहेत. गाड्यांच्या सीटा बनतात तिथं. ही कंपनी दरवर्षी निवडक पोरांना ट्रेनिंगला कोरियाला पाठवते. जो जाऊन आला तो लाइन लीडर झाला, असंच आजपर्यंत झालंय. यंदा शेवटी दोन नावं उरली होती. त्यात एक ह्यांचं. दोघांतला एकच जाणार.

आणि नेमका मध्येच आला फॅमिली डे. कामगारांच्या बायकापोरांना कंपनी दाखवायची, जेवण द्यायचं, आणि मोठे कोरियन साहेब स्वतः सगळ्यांशी बोलणार.

"तुला पण विचारतील," हे म्हणाले. "जरा चांगलं बोल."

"मला कोरियातलं काय कळतंय?"

"म्हणून तर सांगतोय. त्यांचा एखादा पिक्चर बघून ठेव आणि त्याच्यावर बोल. साहेब खूश होतील. पण एक लक्षात ठेव, नुसतं 'चांगलं आहे' म्हणायचं नाही. आमच्याकडं रोज सकाळच्या मीटिंगला चांगलं काय आणि सुधारणा काय, दोन्ही सांगावं लागतं. कुणी नुसतं चांगलंच सांगितलं की साहेब म्हणतात, ह्यानं नीट बघितलंच नाही."

आता मी पडले काळजी करणारी बाई. परीला द्राक्ष द्यायचं तर चार फोडी करून देते. पंखा फुल असला की तिला त्याच्याखाली बसू देत नाही. का? पडला तर? अशा बाईच्या डोक्यावर नवऱ्याचं कोरिया ठेवलं. माझी झोपच उडाली.

दुपारी गेले शेजारच्या करुणाताईंकडं. त्यांचा टीव्ही मोठा. म्हटलं, "ताई, एखादा कोरियन पिक्चर लावा की. जरा घरगुती, शांत असा."

त्यांनी काय लावला? फायटर विमानांचा! हिंदीत बोलणारा, पण कोरियनच. दोन भाऊ, दोघं पायलट. थोरला समुद्रावर विमानासकट बेपत्ता होतो आणि धाकटा हुकूम मोडून त्याला शोधायला निघतो.

पहिलं विमान जे सुंई करून उलटं झालं ना, मी डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी परीचे कान झाकले.

"अगं, उघड डोळे," करुणाताई म्हणाल्या.

"सरळ झालं का ते?"

"झालं."

उघडले. परत उलटं! परत मिटले. सगळा पिक्चर असाच चालला. विमान आलं की मी आंधळी, माणसं आली की मी डोळस. करुणाताई शेवटी वैतागल्या. "तू पिक्चर बघतीयस का पिक्चरपासून लेकराला वाचवतीयस?" परी मात्र माझ्या हातातून मान काढून टाळ्या वाजवत होती.

पण बघितलं तेवढं मी मन लावून बघितलं बरं का. घरी भाकरी थापता थापता सगळं पाठ केलं. चांगलं काय, सुधारणा काय.

फॅमिली डेला मी ठेवणीतली साडी नेसले. कंपनी बघितली. म्हणजे खरं सांगू? वर क्रेन फिरत होती, तिच्याखालून परीला काढायच्या नादात मी फक्त क्रेन बघितली. नंतर सगळे हॉलमध्ये बसले आणि परीला बाथरूमला लागली. तिला घेऊन पळाले.

आता इथं नीट ऐका. मी बाथरूमकडं असताना साहेबांनी माइकवर विचारलं होतं, "आज तुम्ही आमचा प्लांट बघितलात. चांगलं काय वाटलं आणि सुधारणा काय हवी?" साहेब कोरियनमध्ये बोलायचे आणि एक ट्रान्सलेटर मॅडम मराठीत सांगायच्या. हे सगळ्या हॉलनं ऐकलं. मी सोडून!

मी परत आले, तर मॅडम माइक घेऊन माझ्यासमोरच उभ्या. "हं ताई, तुम्ही सांगा. चांगलं काय आणि सुधारणा काय?"

मी मनात म्हटलं, आला बाई आपला प्रश्न! ह्यांनी सांगितला अगदी तस्साच!

"सुरुवात एकदम भारी," मी म्हटलं. "सगळे एकसारख्या कपड्यात, ओळीनं उभे. किती ती स्वच्छता!"

मॅडमनी सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. ह्यांची छाती फुगलेली मला लांबून दिसली.

"आणि सुधारणा?"

"बऱ्याच आहेत," मी म्हटलं. घसा साफ केला. "पुढं पुढं नुसता गोंधळ आहे. वरून हुकूम एक येतो आणि खालची पोरं करतात दुसरंच."

मॅडम जरा थांबल्या. मग सांगितलं. साहेबांनी मान डोलवायची बंद केली.

ह्यांनी शेजारी येऊन पायानं माझा पाय दाबला. मला वाटलं, छान चाललंय, अजून बोल म्हणतायत!

"तो चष्मेवाला मोठा ऑफिसर आहे ना, तो नुसता ओरडतो. टेबलावर हात आपटतो. काम मात्र दुसरेच करतात. मी तर म्हणते, त्याला मध्येच काढून टाकला असता तरी काही अडलं नसतं."

पहिल्या रांगेत प्रॉडक्शनचे मोठे साहेब बसले होते. त्यांनी हळूच चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

मागून कुणीतरी खुसखुसलं. ह्यांनी पाय अजून जोरात दाबला. मला अजून जोर आला.

"आणि अर्धा वेळ नुसतं खाण्यात जातो! वाफाळतं शेवयांसारखं काहीतरी घेऊन बसतात आणि ओढतात. आणि ते लफडं कशाला घातलं मध्ये? ड्युटीवर असताना तो पोरगा आणि ती पोरगी गच्चीवर जाऊन हातात हात घेतात. काय गरज होती?"

देवाशपथ सांगते, क्वालिटी डिपार्टमेंटची एक पोरगी आणि तिच्या शेजारचा पोरगा लांब लांब सरकून बसले. एचआरच्या मॅडम दोघांकडं बघायला लागल्या. मला काय माहीत कुणाच्या गच्चीवर काय चालतं!

"अगं बास कर," हे दातावर दात ठेवून म्हणाले.

"थांबा हो, मेन राहिलंय." मी माइक जवळ घेतला. "सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? एवढा मोठा अपघात झाला, आगीचा लोळ उठला, माणूस सापडेना, आणि त्याच्या आईला कुणी साधं कळवलं पण नाही! ती माउली ताट वाढून बसलीय! आईला काय किंमतच नाही का हो तुमच्याकडं?"

हे बोलताना मला खरंच रडू आलं. डोळ्याला पदर लावला.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी अडखळत साहेबांना सांगितलं. साहेब ताडकन उठले. सेफ्टी ऑफिसर पण उठले. सेफ्टी ऑफिसरच्या कपाळावर घाम!

"अपघात? कधी झाला? कुठल्या लाइनवर?" मॅडमनी विचारलं.

"शेवटच्या अर्ध्या तासात," मी म्हटलं. "तिकडं समुद्रावर."

"समुद्रावर?" सेफ्टी ऑफिसर ओरडले. "ओ वहिनी, चाकणला समुद्र कुठून आला?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"अहो, पिक्चरमध्ये," मी म्हटलं. "मी त्या दोन पायलट भावांच्या कोरियन पिक्चरचं सांगतीय. तुम्ही कशाचं विचारताय?"

"कंपनीचं, ताई!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! पत्रा हलला असेल वरचा. मला वाटलं, जमीन फाटावी, पण फॅक्टरीची जमीन ती, सिमेंटची. फाटतीय कशाला! एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. गेलं. ह्यांचं कोरिया माझ्या तोंडानं गेलं.

साहेब मात्र हसत नव्हते. ते मॅडमना काहीतरी विचारत होते. मॅडम माझ्याकडं वळल्या.

"साहेब म्हणतायत, त्यांनी हा पिक्चर बघितलाय. तरुणपणी त्यांच्या देशात सगळ्या मुलांना काही काळ फौजेत जावं लागतं, तसे ते विमानांच्या तळावर होते. ते विचारतायत, ढगातून दोन विमानं एकमेकांच्या मागं येतात, तो सीन कसा वाटला?"

आता काय सांगणार? खोटं बोलायला सुद्धा थोडं बघितलेलं लागतं!

"नाही बघितला," मी म्हटलं. "डोळे मिटले होते."

"बेटांच्या मधून विमान तिरकं निघतं तो?"

"तेव्हा पण."

"समुद्राला टेकतं की काय असं वाटतं तो?"

"मॅडम, विमान आलं की मी डोळे मिटत होते. त्यांना सांगा, मला विमानातलं काहीच विचारू नका."

मॅडमनी सांगितलं, आणि साहेब खुर्चीत बसून जे हसायला लागले! डोळे पुसले, पाणी प्यायले, परत हसले. मग मॅडमना जे म्हणाले ते मॅडमनी माइकवरच सांगितलं, "साहेब म्हणतायत, त्या पिक्चरमध्ये विमानं तेवढी उत्तम आहेत. बाकी सगळं ताई म्हणतात तसंच आहे."

बघा माझं नशीब! पिक्चरमधलं चांगलं तेवढं मी आंधळेपणानं घालवलं आणि वाईट तेवढं डोळे फाडून बघितलं.

घरी येताना गाडीवर मी मागून म्हटलं, "रागावलात?" तर नुसता हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं तरी!

आठवडाभर मी घरात चोरासारखी वावरले. ह्यांच्या आवडीचं करून घालत होते. हे जेवायचे आणि लगेच पांघरूण घेऊन झोपायचे.

मग एक दिवस फर्स्ट शिफ्ट करून आले आणि दारातच उभे राहिले. बूट पण काढेनात.

"नाव लागलं," म्हणाले.

"कुणाचं?"

"माझं. पुढच्या महिन्यात कोरिया."

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. "माझ्या एवढ्या बोलण्यानंतर पण?"

"तुझ्या बोलण्यामुळंच. ट्रान्सलेटर मॅडम म्हणाल्या, आम्ही दोघं सारखेच होतो, साहेबांचं ठरत नव्हतं. तुझं बोलणं आठवून त्यांनी ठरवलं."

आता सांगा, कुठली बाई फुगणार नाही? पदर सारखा केला. जोरात विचारलं, भिंतीपलीकडं करुणाताईंना पण ऐकू जावं म्हणून, "मग! काय म्हणाले साहेब माझ्याबद्दल? हुशार म्हणाले?"

"राहू दे ना. चहा टाक."

"नाही, सांगाच!"

ह्यांनी सावकाश बूट काढले. मग म्हणाले, "साहेब म्हणाले, तिकडचा ट्रेनर फार कडक आहे. चुका काढायला लागला की थांबत नाही, चांगली चांगली पोरं रडकुंडीला येऊन परत येतात. पण हा माणूस ह्या बाईच्या घरातून रोज हसत ड्युटीला येतो ना? मग ह्यालाच पाठवा. ह्याला तिथं सुट्टीवर आल्यासारखं वाटेल."