विशाखापट्टणमचं जेवण आणि बाबांची भाऊबीज

मंडळी, आमचं राज्य वेगळं झाल्यावर आज पहिल्यांदाच बाबांबरोबर हैदराबादहून विशाखापट्टणमला आलो. समुद्र तोच आहे. किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली पाणबुडी आतून पाहिली, घाम पुसत बाहेर आलो आणि जेवायला एका साध्या मेसमध्ये शिरलो.

बाबांना हॉटेलात वाढणाऱ्याशी गप्पा मारायची खोड आहे. मला वैताग येतो. माशाचं पुलुसू, म्हणजे चिंचेचं आंबट कालवण, वाढणाऱ्या काकांनी विचारलं, "कुठून आलात, सार?"

बाबा तेलुगूत म्हणाले, "हैदराबाद."

काका म्हणाले, "माझी मुलगी तिथंच दिलसुखनगरला क्लासला आहे. आता ते परराज्य झालं. पोरगी लांब गेल्यासारखी वाटते."

मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. बाबा म्हणाले, "छप्पन साली आमचं हैदराबाद राज्यही असंच विभागलं गेलं. माझी थोरली बहीण नांदेडला दिलेली, ती परराज्यात गेली. पण आमची एक भाऊबीज चुकली नाही."

काकांनी बाबांच्या पानात आणखी एक तुकडी वाढली. बाबांचं पोट भरलं होतं, तरी त्यांनी ती खाल्ली.

माझी बहीण बरकतपुऱ्यात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. गेल्या भाऊबीजेला मी तिला नुसता फोन केला होता.

तुम्ही?