काकीचं कोपर

मी केलं ते प्रभूला आवडलं की नाही, हे लिहायला बसतानाही मला ठाऊक नाही. प्रार्थनासभेत उभे राहून श्रद्धेची साक्ष देणारे किती ठामपणे सांगतात, मला तसं जमत नाही. मी मुळातच गोंधळणारी बाई, आणि श्रद्धा मिळाली म्हणून स्वभाव काही बदलला नाही.

माझं माहेर हमरापूरचं. आई लवकर गेली. शेजारच्या काकीने माझ्या वेण्या घातल्या आणि तिच्या गणपतीच्या कारखान्यात मला आखणी शिकवली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ज्याचा हात स्थिर त्यालाच ते काम देतात. लग्न होऊन पेणला आले तरी मी रोज कारखान्यात जायचे. पुढे नवऱ्याच्या दुखण्यात काही महिने रोह्याला राहावं लागलं, तिथे जवळच्या वरसे गावच्या एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांना आम्ही बाई म्हणतो. त्यांच्याबरोबर प्रार्थना करता करता मी येशूला धरलं. बाईंनी एकच नेम लावून दिला: रोज सकाळी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक अध्याय, पहिल्या पानापासून ओळीने, आणि जे कळेल ते त्याच दिवशी करायचं.

मार्गशीर्षात या नेमाने मला दहा आज्ञांपाशी आणून उभं केलं. मूर्ती घडवायची नाही, हे वाचलं आणि हातातला चहा निवून गेला. त्याच दिवशी काकीला सांगितलं की उद्यापासून येणार नाही. का, तेही सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. "बरं गो," एवढंच म्हणाली आणि माझा ब्रश धुऊन ठेवला. आज्ञा पाळल्यावर मन हलकं व्हायला हवं ना? मी तर घरी येऊन रडले.

श्रावणात काकीचा फोन आला. तापातून उठल्यापासून तिच्या उजव्या हाताला कंप सुटला होता, आखणीला दुसरं कुणी मिळत नव्हतं आणि मूर्ती डोळ्यांविना रांगेने उभ्या होत्या. "येशील काय?" तिने विचारलं. मी "बघते" म्हणाले. देवाला धरावं तर काकी सुटते, काकीला धरावं तर देव सुटतो, असं मला झालं.

मग मी जे केलं त्याची लाज वाटते. काही अडलं की माझी आजी ग्रामदेवीला पाकळ्या चिकटवून कौल लावायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मीही तसेच डोळे मिटले, शास्त्र मधेच कुठेतरी उघडलं आणि बोट ठेवलं. तंबूच्या पडद्यांची मापं निघाली. पुन्हा उघडलं, तर कुणाचा मुलगा कोण याची लांबलचक यादी. बाईंना फोन केला तर त्या हसायलाच लागल्या. "मलाही उत्तर ठाऊक नाही," म्हणाल्या. "आजचा अध्याय वाचलास का?"

वाचला नव्हता. वाचायला बसले, तर त्यात कुष्ठरोगातून बरा झालेला एक परका सेनापती आला. आता दुसऱ्या कुणाला भजणार नाही, असं तो संदेष्ट्याला सांगतो. पण माझे राजे त्यांच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतात, तेव्हा मलाही वाकावं लागतं. तेवढ्याची क्षमा व्हावी, म्हणतो. मी घाईने पुढे वाचलं. संदेष्टा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. शांतीने जा, एवढंच म्हणतो. मला रागच आला. इतके महिने वाचून हेच? पण जायला सांगितलंय, तेवढं तरी कळलं होतं.

म्हणून गेले. काय करणार ते ठरवलं नव्हतं. काकी मूर्तीसमोर ब्रश घेऊन बसली होती आणि ब्रशाचं टोक लटलट कापत होतं. मला दारात पाहून म्हणाली, "ये. तुला काढाया नाय सांगत मी. तुझं मन नाय, मला ठाव हाय. नुसतं माझं कोपर धर गो, तुझ्या हातावर टेकू दे. डोळे मीच काढीन."

काकीने जन्मात कधी शास्त्र उघडलेलं नाही. मी सकाळी काय वाचलं, ते मी तिला अजूनही सांगितलेलं नाही. तरी तिच्या तोंडून त्या सेनापतीचेच शब्द आले होते. मी शेजारी बसले, तिचं कोपर तळहातावर घेतलं, आणि ब्रश थरथरायचा थांबला. चतुर्थीपर्यंत आम्ही रोज तशाच बसलो. प्रभू, मला समजत नाही, तू समजून घे, एवढीच माझी प्रार्थना असायची.

शेवटची मूर्ती झाली तेव्हा काकीने माझा हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "बघ," ती म्हणाली, "रंगाचा एक ठिपका नाय लागू दिला तुझ्या हाताला."

तेव्हा मला भरून आलं. मी चुकले की नाही, ते मी प्रभूवर सोडलं आणि तिथेच हात जोडून त्याचे आभार मानले. समोर मूर्तींची रांग होती. काकी गालातल्या गालात हसली. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही. ज्याला हात जोडले, त्याला ठाऊक होतं.