पायाखालचं तोंड

आत्याचं तोंड ऐन तरुणपणात वाकडं झालं. एका सकाळी उठली तर डावी बाजू मेलेली. ओठाचा कोपरा हनुवटीकडे ओघळलेला आणि डोळा सताड उघडा. डॉक्टर म्हणाला, नस सुजलीय, उतरेल. उतरली नाही. तोवर नवऱ्याचा धीर सुटला होता. त्याने तिला भावाच्या दारात आणून सोडलं आणि भावाला म्हणाला, "घरात शिरलं की आधी हिचा डोळा दिसतो. मला जेवण जात नाही." त्याला जेवण जात नव्हतं म्हणून हिचं घर गेलं. हा न्याय.

भाऊ मूर्तिकार. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये त्याचा कारखाना होता. जमिनीवर, मशीनवर, माणसांच्या पापण्यांवर सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी पूड. आत्या तिथे माती मळायची, काथ्या भिजवायची, साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या कडा घासून गुळगुळीत करायची. झोपायचीही तिथेच, पोत्यांच्या थप्पीमागे. बिनदाराच्या जागेत बाईमाणसाने किती वर्षं काढायची? तिने खूप काढली. मग भावाला लाज वाटली म्हणा किंवा भावजयीने तगादा लावला म्हणा, त्याने तिला आमच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेऊन दिली आणि ती सगळ्या गल्लीची आत्या झाली. खिडकी एक, मोरी एक, दाराला आतून कडी. ती कडी तिने मला पहिल्याच भेटीत लावून आणि काढून दाखवली. बाकी खोलीत दाखवण्यासारखं काही नव्हतंच.

मिस्त्रीकडे सगळ्या धर्मांची गिऱ्हाइकं यायची. तो फार मोठ्या मनाचा होता असं कुणी समजू नये. त्याच्याकडे एक सांगाडा होता, तो सगळ्यांना चालायचा. वर एक उभी पवित्र मूर्ती, तिचा एक पाय जरा उचललेला, त्या पायाखाली एक दुष्ट. वरच्याला पंख लावायचे की जास्तीचे हात, हातात भाला द्यायचा की तलवार की नुसती ज्योत, एवढंच विचारायचं. खालच्याबद्दल मात्र गिऱ्हाईक फार चोखंदळ. एकाला शिंगं आणि बकऱ्याचे पाय हवेत. दुसऱ्याला कमरेखाली साप हवा. तिसऱ्याला रेड्याच्या मानेतून बाहेर पडणारा माणूस. एकांना पंखवाली पाल हवी होती, तीही आग ओकणारी. मिस्त्रीने विचारलं, प्लॅस्टरची आग कशी करू? तर म्हणाले, रंगवा.

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता डोकं तापत गेलं. आज ज्या शिंगांना आपण भितो ती आधी कुणाच्या तरी देवाच्या डोक्यावर होती. लढाईत ते लोक हरले, त्यांचा देव खाली आला आणि जिंकलेल्यांच्या पायाखाली गेला. डोंगराच्या अलीकडे ज्याला हात जोडतात त्याच्याच नावाने पलीकडे पोरांना भीती घालतात. साप कुठे पाण्याचा राखणदार, कुठे पहिल्या पापाचा दलाल. खालच्याचं नाक बघा, रंग बघा, केस बघा. बनवणाऱ्यांना शेजारची कुठली माणसं आवडत नव्हती ते कळतं. हे मी सभांमधून ओरडून सांगते. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन दाराला लिंबू बांधतात.

तर तोंडाची गोष्ट. मिस्त्री आधी खालच्याचं तोंड मनाने करायचा. बटबटीत डोळे, सुळे, लोंबती जीभ. गिऱ्हाइकं म्हणायची, हा सर्कशीतला वाटतो. एकदा असाच एक परत आलेला राक्षस समोर ठेवून तो बसला होता, आणि समोर बहीण माती मळत होती.

"बस जरा इथे," तो म्हणाला.

"कशाला?"

"तोंड पाहिजे तुझं."

"घे की. मला तरी कुठे उपयोगी पडलंय ते."

तिच्या चेहऱ्याला तेल लावलं, नाकात कागदाच्या नळ्या घातल्या आणि वरून पातळ प्लॅस्टर ओतलं. न मिटणाऱ्या डोळ्यावर ओल्या कापडाची चकती ठेवली. प्लॅस्टर धरताना गरम होतं. ती हलली नाही. साच्यातून तोंड निघालं ते असं, की कामगार हातातलं टाकून बघायला आले. सुळे नाहीत, शिंगं नाहीत, अर्धं माणसाचं आणि अर्धं माणसाचं नाही.

त्या दिवसापासून मिस्त्रीची गाडी चालली. शरीर गिऱ्हाइकाच्या धर्माचं, तोंड बहिणीचं. आणि ही बाई हसायची. भाच्याला म्हणायची, "मला शिंगं फुटली, शेपूट फुटलं, पंख फुटले. एवढा मुलूख तुझ्या बापाने नाही पाहिला." भाचा म्हणजे मिस्त्रीचा मुलगा, बापाच्या हाताखाली काम शिकलेला.

मी तिला चिडून विचारलं होतं, "आत्या, तुम्हाला राग नाही येत?"

"राग कसला गं वकीलबाई," ती म्हणाली. मी वकील नाही. भांडते म्हणून ती मला तसं म्हणायची. "वरच्याला बिचाऱ्याला जन्मभर उभं राहायचंय. मी निवांत आडवी आहे."

कारखान्याचा एक नियम होता आणि तो मिस्त्रीने कधी मोडला नाही. जिवंत माणसाचं तोंड त्याच्या वस्तीत विकायचं नाही. लांब पाठवायचं, जिथे त्या माणसाला कुणी ओळखत नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, "लोकांना मूर्ती आधी दिसते आणि माणूस नंतर."

मिस्त्री गेला. कारखाना भाच्याकडे आला. त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या प्रार्थनाघरातली जुनी मूर्ती पडून फुटली. विश्वस्तांना नवी तातडीने हवी होती. भाच्याकडे एक तयार पडलेली होती, आत्याच्या तोंडाची. मागवणारा न्यायला आलाच नव्हता. भाच्याला वाटलं, आपल्याच वस्तीत आपलं काम उभं राहील, लोक नाव घेतील. त्याने दिली. आणि आत्याने काय करावं? तिने स्वतः बसून त्या मूर्तीला शेवटचा हात फिरवला. तिलाही आपल्या गल्लीत ती हवी होती. नियम दोघांनाही तोंडपाठ होता.

सुरुवातीला नुसती थट्टा झाली. पोरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. "आत्या, तुमच्या मानेवर पाय आहे," म्हणून ओरडायची. "दाबू दे, मान आखडलीच होती," ती म्हणायची. गल्ली हसायची. मीही हसले असेन.

मग शिवणवालीची पोर आजारी पडली. शिवणवाली म्हणजे आत्याची भिंतीपलीकडची शेजारीण. दिवसभर मशीनवर बसायची, तेव्हा पोर आत्याकडे असायची. तिच्या मांडीवर वाढली म्हटलं तरी चालेल. ताप आला तो हटेना. पोर तापात बरळायची, "आत्या बघते, आत्या बघते." का नाही बरळणार? आत्याचा डोळा झोपेतही उघडा असायचा. पोर कित्येक दुपारी त्या डोळ्यासमोर झोपली होती.

तेवढं पुरलं. मूर्तीतली ती आत्याच, ही थट्टा लोकांनी उचलली आणि तिच्यातलं हसू काढून टाकलं. नळावर आत्याची घागर आली की बायका आपल्या घागरी उचलायला लागल्या. किराणावाला तिला सामान फळीवर ठेवून द्यायला लागला. खोलीच्या मालकाने निरोप धाडला, दुसरी जागा बघा. प्रार्थनाघराचा मुख्य विश्वस्त, आयुष्यभर गोदामात हिशेब तपासून निवृत्त झालेला शांत माणूस, सगळ्यांना समजावून सांगत होता, "हात मूर्तिकाराचा. पण हाताला दाखवणारा कोण? आपल्यामध्ये काय वावरतंय ते देवाने आपल्याला दाखवलं."

मी आधी डॉक्टर आणला. त्याने विषमज्वर सांगितला, गोळ्या दिल्या, त्या मध्ये थांबवायच्या नाहीत असं बजावलं. मग तीन-चार दिवसांनी मी आत्याकडे गेले आणि म्हटलं, पोलिसात जाऊ. ती नाही म्हणाली.

"पोलीस आले की मी खोलीत राहीन, पण गल्लीत नाही राहणार," ती म्हणाली. "त्यांची चूक झालीय. त्यांना वाटतं मी त्या मूर्तीसारखी आहे. मूर्ती माझ्यासारखी आहे. साचा दाखवला की संपलं."

"आत्या, त्यांना पुरावा नकोय."

"तुला भांडण पाहिजे," ती म्हणाली. "मला माझी खोली पाहिजे."

दुपारी प्रार्थनाघरात माणसं जमली. आधी विश्वस्ताने भाच्याला विचारलं, हे तोंड कुणाचं? भाच्याने मान खाली घातली. गल्लीतली आणखी दोन कामं त्याला मिळायची होती. म्हणाला, "वडिलांनी मनाने केलेलं. मी लहान होतो." पोत्यात गुंडाळून आणलेला साचा आत्याने सोडला आणि त्याच्या हातात दिला. "लाव," म्हणाली.

त्याने गुडघ्यावर बसून तो मूर्तीच्या पायाखालच्या तोंडावर लावला. फटही दिसू नये असा बसला. मग तिने तो काढून घेतला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या चेहऱ्यावर धरला. वयाने गाल खाली आले होते, तिथे ढिला पडला. ओठाच्या कोपऱ्याला आणि डोळ्याला बरोबर लागला. साच्यामागून तिचा आवाज आला, "पाहिलंत? माझ्यावरून केलंय. माझ्या भावाने केलंय."

विश्वस्ताने मान हलवली. "म्हणजे तोंड हिचंच आहे."

मी उठले. "अहो, बाई आधी होती आणि मूर्ती नंतर झाली. एवढं कळत नाही?"

"तेच म्हणतोय आम्ही," तो शांतपणे म्हणाला. "ती आधी होती. मूर्तीने फक्त सांगितलं."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मागच्या बाजूला शिवणवाली बसली होती. ती पुढे आली. डोळे सुजलेले, बोटांना दोरा चिकटलेला. ती भांडली नाही. आत्याच्या समोर बसून म्हणाली, "आत्या, माझ्या पोरीला सोडा."

"मी कुठे धरलंय गं तिला?"

"धरलं नसेल तर सोडलं म्हणायला काय जातंय?"

विश्वस्तही म्हणाला, "एवढं म्हणा. मग तुमची खोली तुम्हाला. कुणी बोट लावणार नाही."

मी ओरडले, "आत्या, म्हणू नका." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. शिवणवालीकडे पाहत राहिली. एका बाजूने चेहरा हलत होता, दुसऱ्या बाजूने काहीच कळत नव्हतं.

"सोडलं," ती म्हणाली.

त्याच रात्री ताप उतरला. गोळ्यांना जेवढे दिवस लागतात तेवढे झाले होते, उतरणारच होता. पण गल्लीला तारीख पाठ झाली ती त्या शब्दाची. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा माणूस कुलूप घेऊन आला. विश्वस्ताने काय शब्द दिला होता ते मी सांगायला लागले, तर मालक म्हणाला, "बाई, काल आमचा संशय होता. आता तिने स्वतः कबूल केलंय." पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि हेच विचारलं, कबूल केलं ना?

सामान एका हातगाडीत मावलं. भाचा गाडी ढकलायला आला. दारं लावलेली होती. फक्त शिवणवाली पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने लांबूनच हात जोडले.

"उपकार झाले आत्या," ती म्हणाली. "आता जा."

आत्या थांबली. "गोळ्या संपेपर्यंत दे गं तिला," ती म्हणाली. "बरं वाटलं म्हणून बंद करू नको."

शिवणवालीने पोरीचा चेहरा आपल्या खांद्यात दाबला, तिला ते तोंड दिसू नये म्हणून.

गोळ्या तिने आदल्याच दिवशी बंद केल्या होत्या. सुटलेल्या पोरीला औषध कशाला? पुढच्या आठवड्यात ताप परत आला, दुपटीने. मी पोरीला उचलून इस्पितळात नेलं. ती वाचली, पण एका कानाने ऐकू येत नाही. भाच्याने मूर्ती बदलून द्यायची तयारी दाखवली होती. विश्वस्त नको म्हणाला, हिला गुण आहे, लांबून लोक यायला लागलेत. आत्या कारखान्यात परत पोत्यांच्या थप्पीमागे झोपते. ताप परत आला तेव्हा ती गल्लीत नव्हती हे मी घरोघर जाऊन सांगितलं. लोक म्हणाले, म्हणूनच आला. जाताना रागावून गेली होती ना.