निळं लुगडं आणि पिवळी काच

फोटो काढायला मी आमच्या ह्यांच्याकडूनच शिकले, हे आधीच सांगते. नाहीतर म्हणाल, बाई फुशारक्या फार मारते. तेव्हा बडोद्यात महाराजांचं राज्य होतं आणि रावपुऱ्यात ह्यांचा स्टुडिओ. काळ्या कापडाखाली डोकं घालायचं, काचेवर उलटं दिसणारं माणूस फोकस करायचं, लेन्सवरचं टोपण काढून अंक मोजायचे, की झालं एक्स्पोजर. मग अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याशी फोटोची काचेची प्लेट धुवायची. सगळं येत होतं मला. पण गिऱ्हाइकासमोर कॅमेऱ्याला हात लावायची सोय नव्हती.

ती सोय एका जमादारांच्या घरानं केली. जमादार पलटणीबरोबर दूर ओखामंडळात होते आणि त्यांना बायकोचा फोटो हवा होता. घरात गोषा कडक. परपुरुष आत जाणार कसा? हे नाइलाजानं म्हणाले, "जा तू."

जमादारांची बायको, त्या घरच्या सूनबाई, नवऱ्यानं आणलेलं निळं लुगडं नेसून चौकात बसल्या. चेहरा असा सुरेख उतरला की मी हुरळले आणि बाकी काही न बघता फोटो पोचता केला.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सासूबाईंचं मला बोलावणं आलं. "डोळे फुटले काय गं तुझे? माझी सून सवाष्ण आहे. तिला पांढऱ्या लुगड्यात बसवलीस? हा फोटो माझ्या लेकाच्या हाती पडला असता म्हणजे?"

लुगडं खरंच पांढरंफटक आलं होतं. निळा रंग फोटोत पांढरा उमटतो, हे ह्यांनी मला दहादा सांगितलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सारुं, ठीक आहे," हे घरी म्हणाले. जन्म बडोद्यात गेला की राग आला तरी तोंडून गुजराती निघतं. "तिला दुसरं लुगडं नेसायला सांग. आणि पुन्हा चुकलीस तर कॅमेऱ्याला शिवायचं नाही."

पण सूनबाई हटून बसल्या. "नेसेन तर हेच. त्यांनी आणलंय."

मलाही चेव आला. लेन्सपुढे पिवळी काच बसवली. तिनं निळा गडद उमटतो, पण उजेडही अडतो. एका अंकाऐवजी पाच अंक मोजायचे आणि तेवढा वेळ माणसानं पापणीही हलवायची नाही. सूनबाई देवळातल्या मूर्तीसारख्या बसल्या. मी अंक मोजू लागले. समोर सासूबाई उभ्या, डोळे वटारून.

फोटो मी स्वतः नेऊन त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी दाराच्या उजेडात धरला. लुगडं गडद, जरीचे काठ लखलखीत, कपाळावर कुंकू ठसठशीत.  मग सासूबाईंनी आत जाऊन खण-नारळ आणला नि माझी ओटी भरली. "आता माझाही काढ," म्हणाल्या. अगं बाई, छाती अशी फुगली माझी! का फुगू नये?

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे "हं" म्हणाले, बस्स. मी मनातल्या मनात चडफडले.

चार दिवसांनी एक वकील बायकोला घेऊन स्टुडिओत आले. बाईंना खुर्चीवर बसवून ह्यांनी कॅमेरा लावला, काळं कापड उचललं आणि तसेच थांबले. मग मला आतून हाक मारली आणि कापड माझ्या हातात दिलं.

"फोटो ह्या काढतील," वकिलांना म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला काढतात."

आणि स्वतः खुर्चीमागं जाऊन फोटोमागचा पडदा धरून उभे राहिले.