तिच्या पायांचं माप

प्रिय मुक्ता आणि निषाद,

गेल्या रविवारी तुम्ही मला मुक्ताच्या नव्या सायकलचा व्हिडिओ पाठवलात. दुकानातला तो उंच, दाढीवाला माणूस तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, तिच्या पायांशी टेप धरून आकडा वाचला आणि उठताना पँटची धूळ झटकली. मुक्ता हसत होती. तुम्ही खाली लिहिलं होतं, "आजी, बघ किती काळजीने माप घेतात!" मी उत्तरात अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवला. मला त्या माणसाकडे बघवेना. का ते आज लिहिते. तुम्ही दोघं मला शिस्तीची आणि न्यायाची बाई समजता. पुढचं माहीत नसताना तसं समजत राहणं बरोबर नाही.

"पाय टेकते का पाहू द्या," असं म्हणून आमच्या शाळेतली एक बाई खुर्चीच्या कडेवर बसायची, खाली वाकून बघायची आणि मग हसायची. पाय कधीच टेकायचे नाहीत. उंची चार फूट सात इंच. ती प्रयोगशाळा परिचर होती, म्हणजे बाटल्या, चंचुपात्रं, बेडकांचे सांगाडे सगळं तिच्या ताब्यात. वरच्या फळीवरची आम्लाची बाटली काढायला ती स्टुलावर चढायची तेव्हा आठवीच्या मुली तिच्यापेक्षा उंच असूनही श्वास रोखून उभ्या राहायच्या. तिच्या हातून एकही बाटली कधी फुटली नाही. तिचं नाव मी लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी व्हरांड्यात तिला पाहून म्हटलं, "बाळ, तास सुरू झाला ना? वर्गात जा." ती गेली. नववीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत भूगोल ऐकत राहिली. मी रागावले तर म्हणाली, "मोठ्या साहेबानं सांगतलं मॅडम, तं जा लागते ना. अन् भूगोल चांगला शिकवून राह्यल्या होत्या बाई."

मुख्याध्यापिका म्हणून मी शाळेत सगळ्यांना अहो म्हणायचे, शिपायालाही. तिला मात्र अगं. मी ते उंचीच्या माथी मारलं होतं.

तिचं गाव आमच्या दिग्रसपासून नऊ किलोमीटरवर, आर्णी रस्त्याला. भाच्याची जुनी, छोट्या चाकांची सायकल घेऊन ती रोज यायची. त्या रस्त्यावर पहाटे आमच्या गावातले डॉक्टर, वकील वाकड्या हँडलच्या महागड्या सायकलींवर रपेट मारतात. एका सकाळी ती त्यांच्या मागे लागली आणि फाट्यापर्यंत सुटली नाही. डॉक्टरांनी थांबून विचारलं, "ताई, ही कोणती सायकल?" ती म्हणाली, "पोराची आहे. पाचवीतल्या." त्यांनी तिला गटात घेतलं आणि सांगितलं, दिवाळीनंतर मोठी रपेट आहे, दिग्रसहून आर्णी, यवतमाळ, आणखी पुढे जाऊन परत, दोनशे किलोमीटर, दिवस मावळायच्या आत. पण या सायकलवर नाही जमणार. मापाची रोड बाईक लागेल.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. तोवर मी निवृत्त झाले होते, पण महिन्यातून एकदा शाळेत चक्कर असायची. स्टाफरूममध्ये तिनं सांगितलं, "मले रेसिंग सायकल घ्याची आहे."

गणिताच्या सरांनी विचारलं, "सोबत शिडी देतात का हो?"

सगळे हसले. मीही हसले. ती म्हणाली, "शिडी भेटली तं तुमाले देतो सर, तुमच्या डोक्यावरचा पंखा पुसाले." मग सर सोडून सगळे हसले.

(आमच्याकडे बायकासुद्धा 'देतो', 'जातो' म्हणतात. तुमची आई हे विसरली असेल.)

तिनं दिग्रस, पुसद, यवतमाळ अशी तीन गावं पालथी घातली. सायकली होत्या, पण सगळ्या पुरुषांच्या मापाच्या. सीट तळाला नेली तरी तिचे पाय हवेत. एका दुकानदारानं गुलाबी, पुढे टोपली असलेली लेडीज सायकल पुढे केली. दुसरा म्हणाला, "बाई, घरच्या कोणाच्या मागं बसत जा ना." शेवटी तिला मोबाइलवर एक कंपनी सापडली, अगदी लहान मापाच्या सायकली पाठवणारी. सगळी माहिती इंग्रजीत. म्हणून ती रविवारी आमच्या घरी आली. "मॅडम, तुमी वाचून भरून देता का? चुकलं तं वापस घेत नाई म्हणते ते. माह्याजवळ दुसऱ्यांदा घ्याची सोय नाई."

आता इथून पुढचं नीट लिहायला हवं.

मी चष्मा लावून सगळं वाचलं. उंची हवी होती, हाताची लांबी हवी होती, आणि सर्वांत महत्त्वाचं, पायांची आतून लांबी. ती कशी घ्यायची तेही चित्र काढून दाखवलं होतं. अनवाणी भिंतीशी ताठ उभं राहायचं. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर दाबून धरायचं. दुसऱ्या माणसानं खाली बसून पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. स्वतःचं स्वतः घेऊ नये, वाकलं की माप चुकतं, असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. मला इंग्रजी चांगलं येतं.

मी तिला म्हटलं, "पुस्तक पायांत कसं धरायचं गं? सरस्वती आहे ती. राहू दे. शिंपी घेतो तसं घेऊ."

तिनं मोबाइलवरचं चित्र पुन्हा पाहिलं. "तसं चालते?"

"चालतं. कमरेपासून घे आणि वरचं वजा करू."

टेप मी तिच्या हातात दिला आणि खुर्चीत बसून वही उघडली. तिनं एक टोक कमरेच्या नाडीशी धरलं, वाकून दुसरं टाचेशी नेलं, तिथूनच आकडा ओरडून सांगितला. मी अंदाजानं एक वीत वजा केली, सुबक अक्षरात लिहून ठेवलं, खाली दुहेरी रेघ मारली आणि तो आकडा मोबाइलवर भरला.

तुम्ही लहान असताना मी सांगायचे, आपल्या घरात कपबशी कोणासाठीही वेगळी नव्हती. ते खरं आहे. तिच्या आजोबांनी धम्म स्वीकारला होता, हे मला ती शाळेत लागली त्या दिवसापासून माहीत होतं, आणि ती आमच्या डायनिंग टेबलावर माझ्यासमोर बसून चहा प्यायची. त्याचा मला अभिमान होता. पण तिच्या पावलांशी खाली बसून, मान वाकवून टेप धरायचा, हे चित्र त्या दिवशी डोळ्यांसमोर आलं आणि माझं अंग आखडलं. सरस्वती मला त्यानंतर सुचली. तुमची आई नापास झाली होती तेव्हा तिचं भूमितीचं पुस्तक मी स्वतः खिडकीतून बाहेर फेकलं होतं. तेव्हा मला सरस्वती आठवली नव्हती.

सायकल खोक्यातून आली. बसस्टँडजवळचे म्हातारे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी ती जोडली. मीही कौतुकानं गेले होते. चाचांनी सीट पार खाली घातली आणि ती चढली. ब्रेकपर्यंत तिची बोटं जेमतेम पोचत होती. सायकल एका बाजूला झुकवली तेव्हा कुठे एका पायाचा अंगठा जमिनीला लागला.

चाचांनी पाना खाली ठेवला. "बेटी, ये तेरे नाप की नहीं है. नाप किसने लिया?"

मी तीन हातांवर उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीच घेतलं चाचा. माह्याच हातानं."

"गलत लिया."

"होऊन जाते सवय," ती म्हणाली.

मी एक शब्द बोलले असते तर काही बिघडलं नसतं. चाचांना मी रोज भेटत नव्हते. मी पर्स उघडून मिटली आणि म्हटलं, "रंग छान आहे."

रपेटीला तीन आठवडे होते. ती रोज सराव करायची. तिचे हात बधिर व्हायचे, मान धरायची, हे मला नंतर कळलं. मला ती फक्त "मस्त चालते मॅडम" एवढंच सांगायची. एका सकाळी आर्णीच्या वाटेवर पुढची एसटी अचानक थांबली. हिनं ब्रेक दाबला आणि पाय खाली टाकला, पण खाली जमीन नव्हती. ती उभ्याउभ्याच कलंडली. खांद्याजवळचं हाड मोडलं.

मी मोसंबी घेऊन तिच्या घरी गेले. नऊ किलोमीटरवरच्या त्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. भिंतीला निळा रंग, दारात स्वच्छ झाडलेलं अंगण, आत तिची म्हातारी आई. आईनं मला एकुलती एक खुर्ची दिली. ती हात गळ्यात बांधून खाटेवर बसली होती. रपेट चार दिवसांवर आली होती. मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "जरा जपून चालवायची गं."

"हो मॅडम," ती म्हणाली. "माहीच चुकी."

तिची आई माझ्याकडे बघत होती. मग तिनं चहा दिला, आणि मी तो प्याले.

त्यानंतर वर्षभर मी शाळेत जाणं टाळलं. ती सायकल तिनं गटातल्या एका उंच डॉक्टरीणबाईंना विकली, हे कानावर आलं होतं. पुढच्या दिवाळीच्या आधी ती आमच्या घराच्या फाटकातून आत आली ती नव्या सायकलवर. चाकं लहान, दांडा खाली, हँडल अरुंद, सगळं आखडून तिच्याजवळ आलेलं. नागपूरला शाळकरी खेळाडूंसाठी अशी मिळते म्हणे. ती अंगणात थांबली, दोन्ही तळपाय फरशीवर सपाट, आणि हात सोडून उभी राहिली.

"अरे वा," मी म्हटलं. आणि मला विचारायचं नव्हतं ते तोंडातून गेलं. "माप कोणी घेतलं?"

"मायनं. तिचे गुडघे वाकत नाईत ना, मंग ती सरकत सरकत आली अन् भुईवर बसली. मी भिंतीले उभी राह्यली."

"आणि पुस्तक?"

"पुस्तक कायले? फळी घेतली. देव्हाऱ्यावानी ठोकाले आणली होती ना, बुद्धाच्या मूर्तीखाली लावाले, तिचा तुकडा उरला होता." मग ती हसली. "पुस्तकच पाह्यजे असं थोडीच आहे मॅडम. सपाट पाह्यजे फक्त."

मुलांनो, फळी चालली असती हे मला त्या रविवारीही ठाऊक होतं. आमच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायची फळी ओट्यावरच होती. ती हे हसून बोलली. त्यात टोमणा होता की नाही, हे मी कितीतरी वेळा स्वतःला विचारलं आहे. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या वर्षी तिनं रपेट पुरी केली. मी बसस्टँडच्या चौकात उभी होते. उन्हं उतरली होती. डॉक्टर, वकील एकेक करून आले, पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओतून घेऊ लागले. ती शेवटून तिसरी आली, दिवस मावळायला अजून अर्धा तास होता. चाचा दुकान उघडं टाकून धावत आले होते. कोणीतरी तिच्या गळ्यात हार घातला, तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. लोक हसले, तीही हसली. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती म्हणाली, "माही पयली सायकल आमच्या मॅडमनं मागवून देल्ली. त्यायनं इंग्रजी वाचून समदं भरून देल्लं. त्या नसत्या तं मी सुरूच केलं नसतं."

लोकांनी मागे वळून माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. चाचांनी टाळी वाजवली नाही. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

तिला कळलं होतं का? इतक्या शहाण्या बाईला ते न कळणं शक्य नाही. ती मला वाचवत होती की तिच्या दृष्टीनं ते खरंच उपकार होते, याचा निकाल मला लागत नाही, आणि दोन्हींपैकी काहीही निघालं तरी माझी मान खालीच राहते.

दीड वर्षापूर्वी शाळेच्या तुकड्या कमी झाल्या. ती अतिरिक्त ठरली आणि तिला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुकुटबनला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी ती भेटायला आली होती. मी तिला साडी दिली, आणि पहिल्यांदाच "या हं" म्हणाले. ती दचकून हसली. "मले काहून अहो-जाहो मॅडम?" मी सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "पोचलात की फोन करा." तिनं केला.

प्रयोगशाळेत आता कोणी परिचर नाही. स्टूल कोणीतरी ऑफिसात नेलं.

मुक्ता, तुझ्या त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग. मी माफी अजून मागितलेली नाही. फोनवर ती मागायची नाही, हे मी ठरवलं आहे. मुकुटबनला जाण्यासाठी वणीला बस बदलावी लागते, वेळापत्रक मी उतरवून घेतलं आहे. ती तिथे आहे, तिची सायकल चालू आहे, आणि माझे गुडघे अजून वाकतात.

तुमची,
आजी