एक जूनला जन्मलेले पायलट
चूक माझीच होती. मोहफुलांचा वास आला की ती आठवते. मी बस आगारात कारकून होतो. एटापल्लीच्या जंगलातून गाडी नेणाऱ्या एका वयस्क चालकाला आम्ही पायलट म्हणायचो. निवृत्तीला महिना उरला असताना ते माझ्यासमोर उभे राहिले. सदऱ्याला मोहफुलांचा वास होता. "बाबू, शाळेत टाकताना मास्तरानं अंदाजानं एक जून लिवला. मी दोन वर्षानं लहान आहो. जन्मतारीख दुरुस्तीचा हा अर्ज पुढं पाठवा ना, गाडीबिगर करमत नाई." मी सर्वांदेखत म्हणालो, "काऊन भाऊ, तुमच्या गावात सारेच एक जूनले जन्मले का?" सगळे हसले. तेही कसनुसं हसले. मेअखेर ते घरी बसले. परवा त्यांच्या अंगणात जाऊन म्हणालो, "भाऊ, तुमचा अर्ज मी पाठवलाच नव्हता. मले माफ करा."