पट्टी उघडू नकोस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही — आई तर मावशीची जिवाभावाची, तिला कोणत्या तोंडाने सांगणार? तुम्हाला सांगते आहे, कारण तुमची-माझी उद्या महाडच्या बाजारात गाठ पडायची नाही. बघा, कबूल करायला बसले तरी आधी स्वतःची सोय पाहतेच आहे.

मी महाडला फार्मसी कॉलेजात शिकवते. माझी ओळख करून देताना लोक आवर्जून सांगतात — मॅडमनी जखमेवरची पट्टी तयार केली. खरं आहे ते. कोळंबीच्या सालांपासून एक पदार्थ काढायचा, त्याची पातळ पट्टी करायची, आत जंतू मारणारं औषध भरायचं. जखम पिकत नाही आणि नवी कातडी लवकर धरते. त्या दिवसांत सालं उकळून प्रयोगशाळेत असा वास भरायचा की पोरं विचारायची, मॅडम, आज कालवण कसलं? आज ती पट्टी चांगली चालते. पण ती चांगली कशामुळे झाली, हे ओळख करून देणाऱ्यांना ठाऊक नाही.

मावशी माझी सख्खी नव्हे. पोलादपूरकडे आमच्या वाडीत शेजारच्या घरातली, शेवंता तिचं नाव. आई शाळेवर शिकवायला जायची तेव्हा मला हिनेच सांभाळलं, हिनेच भरवलं. गवत कापताना तिच्या पायाला विळा लागला. अंगात साखर, जखम काही भरेना. एका रविवारी मी घरी गेले, तो पाय पाहिला — आणि पट्टी माझ्या पिशवीतच होती.

उंदरांवर ती झकास चालली होती. माणसांवर वापरायची परवानगी अजून यायची होती. मग मी का लावली? मायेपोटी, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल. माया होतीच की. पण मला माझी पट्टी माणसाच्या पायावर बघायची घाई झाली होती, हेही तितकंच खरं.

मी तिला बजावलं — पट्टी उघडू नकोस, पाणी लागू देऊ नकोस, आणि सवला तर मुळीच जाऊ नकोस. आमच्याकडे खरूज असो नाहीतर सांधेदुखी, माणूस उठतो आणि सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जातो. मावशीचीही तिकडे फेरी असायचीच.

"नाय जात गो बाय," ती म्हणाली. "तू सांगतेस ना, मग नाय जात."

आणि मग एका सकाळी तिचा फोन आला. "बाय, पट्टीच्या खाली गरम लागतंय गो. वास पन मारतो. उघडून बघू काय?"

कसं सांगू — त्याच दिवशी परवानगी देणारी मंडळी कॉलेजात यायची होती. मी नवी साडी नेसून दारात उभी होते. वाडीला जाऊन यायला अर्धा दिवस मोडला असता. मी म्हटलं, "मावशी, कोळंबीच्या सालांची आहे ती, वास येणारच. उघडू नकोस."

तयार पट्टीला कोळंबीचा वास येत नाही. धुऊन-धुऊन तो कधीच गेलेला असतो. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पट्टीखाली ऊब आणि वास म्हणजे काय, हे तर मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते. तरी उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मंडळी खूश होऊन गेली. आणखी दोन दिवस मी गेले नाही — का, ते आता मलाही सांगता येत नाही. कदाचित काय दिसेल ते माहीत होतं म्हणून. गेले तेव्हा मावशी तापाने फणफणली होती. माझी पट्टी नको इतकी घट्ट बसली होती, आतला पू बाहेर यायला वाटच नव्हती. घरात आम्ही दोघीच. मी पट्टी सोडवली आणि चुलीत टाकली. पाय धुतला, साधं गॉज गुंडाळलं, मग तिच्या मुलाला, दिलीपला, हाक मारून रिक्षा आणायला लावली. आधी पट्टी जाळली, मग रिक्षा. हा क्रम मी विसरू शकत नाही.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, एवढं चिघळलं कशाने, काय लावलं होतं? दिलीपला ती साधी मलमपट्टीच वाटली होती; तो माझ्याकडे बघायला लागला. आणि मी म्हणाले — अगदी सहज म्हणाले — "सवला गेली असेल कुंडावर. इकडे सगळेच जातात ना."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की आईच्या आधी ती जशी माझ्याकडे बघायची, तसं. मग डॉक्टरांना म्हणाली, "हा. गेल्ते मी."

ती गेली नव्हती. मी जाऊ नको म्हटलं होतं म्हणून गेली नव्हती, आणि मी उघडू नको म्हटलं होतं म्हणून तिने पट्टी उघडली नव्हती.

घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. मी कॉलेजात परत येऊन पट्टीला बारीक छिद्रं पाडली, वर पू शोषून घेणारा थर बसवला, मग पट्टी नीट काम करायला लागली. माझं नाव झालं. आणि मावशीचं? घरात दिलीपचं रोज तेच — "आये, तू कुनाचं आयकलं असतंस तर आज पाय असता." ती कुबडी घेऊन ओटीवर बसायची आणि ऐकून घ्यायची. मी समोर असले तर मलाच म्हणायची, "चहा घे गो."

इथवरही मी थांबले नाही. गावोगावच्या आशाताईंना मी जखमांबद्दल शिकवायला जाते. तिथे मी सांगायचे — आमच्या वाडीतली एक बाई, जखम घेऊन कुंडात उतरली, पाय गमावला. रोगी ऐकत नाहीत हो, हीच तर अडचण. बायका हळहळायच्या. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की सांगताना माझा आवाजही अडखळेनासा झाला.

मावशी या वर्षी गेली. तिच्या स्मरणासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला सगळी वाडी जमली होती. वंदना झाली, आणि दिलीप उठून बोलला. आई मायाळू होती, म्हणाला, फक्त हट्टी होती — स्वतःच्या हाताने पाय घालवला. मग तो म्हणाला, "आता बाय दोन शब्द बोलतील. आईला वाचवायला त्यांनीच धाव घेतली होती."

मी उभी राहिले. समोर आई बसली होती, दिलीप होता, त्याची बायको होती. बोलायचं ते वाक्य लहानसं होतं, तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "मावशीने मला सांभाळलं," आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं मला भरून आलं. दिलीपच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मला भरून आलं नव्हतं. मी घाबरले होते. पाणी प्याले, आणि मावशी सगळ्यांच्या लेखी हट्टी होती ती हट्टीच राहिली.